गवताच्या मधोमध ओकचे पट्टे: ही रेघ मारली कोणी?

माळकरी३८०
मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल, पण दोन महिने झाले, डोक्यातून जात नाहीये.

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहतो. सध्या माझं काम डेकेटरजवळच्या साइटवर आहे, म्हणून आठवड्यातून तीनदा हायवे ३८० धरून पश्चिमेला पन्नासेक मैल जावं लागतं. रस्ता सरळसोट. बाहेर बघण्याशिवाय उद्योग नाही (गाडी चालवताना बाहेर बघू नये, हे घरी सांगून झालेलं आहे).

तर गंमत अशी. फ्रिस्कोकडे सगळं सपाट, काळी माती, जिथे घरं झाली नाहीत तिथे नुसतं गवत. लिटल एल्म मागे पडलं, ओक पॉइंट आणि क्रॉस रोड्स आलं, की अचानक ओकची झाडं सुरू. उंच, देखणी वगैरे अजिबात नाहीत. बुटकी, खडबडीत, फांद्या अशा की कोणीतरी हात पिरगळून ठेवलाय. डेंटन संपलं की झाडंही संपली! क्रम, पॉन्डरकडे पुन्हा उघडा माळ. डेकेटरच्या पुढे गेलो की परत तीच वाकडी मंडळी हजर. पाऊस तोच, ऊन तेच, वारा तोच. मग एवढ्या एका पट्ट्यात झाडं, शेजारच्या पट्ट्यात गवत, पुन्हा झाडं, हे काय आहे? कोणी लावली म्हणावी, तर एवढी कोण लावणार?

दुसरा प्रश्न स्वार्थाचा आहे. आर्गाइलला प्लॉट घेतलाय. त्यावर असे अकरा ओक आहेत. बिल्डर म्हणतो, ही कचरा झाडं, पाच तर काढावीच लागतील, बाकीचीही काढा, बदल्यात दोन छान लाइव्ह ओक (सदाहरित ओक) लावून देतो. काय करू?

खडूस_खान्देशी
धाग्याचं नाव वाचून वाटलं गुहागरच्या ओकांनी टेक्सासात जमिनी घेतल्या.

ओककाकू
@खडूस, घेतली असती तर सगळ्यात आधी कुंपण घातलं असतं. हजर आहे मी. माहेरची गोखले, सासरची ओक, मुक्काम प्लेनो.

माळकरी, आमच्या ह्यांना ह्या झाडांचं भारी प्रेम (आडनावबंधू!). जी बुटकी दिसतात त्यात दोन जाती असतात. एक पोस्ट ओक. पान हातात घेऊन बघा, मधले दोन कंगोरे आडवे पसरलेले, चक्क क्रूसासारखा आकार. दुसरा ब्लॅकजॅक. त्याचं पान टोकाला रुंद, बदकाच्या पायासारखं, चामड्यासारखं जाड, खालून तपकिरी लव. साल जवळजवळ काळी, चौकोनी तुकडे पडलेली. आणि ह्या सगळ्या रानाला नाव आहे, क्रॉस टिंबर्स. कॅन्सासच्या दक्षिण टोकापासून ओक्लाहोमाच्या मधून थेट मध्य टेक्सासपर्यंत जातं.

माळकरी३८०
काकू, तुम्ही तर पहिल्याच प्रतिसादात बारसं केलंत. क्रॉस म्हणजे पानाचा क्रूस का?

ओककाकू
नाही हो. इथल्या नद्या बऱ्याचशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हे रान उत्तर-दक्षिण, म्हणजे नद्यांना आडवं. कोणी म्हणतं त्यावरून. कोणी म्हणतं, पश्चिमेला जाणाऱ्याला ते ओलांडून जावं लागे, त्यावरून. ह्यांचं मत पहिलं, म्हणून माझं दुसरं.

भूगर्भ
शेवटी माझ्या विषयाचा धागा आला. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

रेघ जमिनीखालून मारली आहे. साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्राचा काठ होता आणि तो पुढे-मागे होत होता. समुद्र मागे गेला, नद्यांनी वाळू आणून टाकली. समुद्र वर आला, चुनखडी आणि चिकणमाती साचली. असे थरावर थर. आता पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि तिरका ढकला. प्रत्येक पत्त्याची एक बारीक कड दिसायला लागते ना? इथले थर पूर्वेकडे असेच हलकेच कललेले आहेत. वरचं झिजून गेलं, आणि प्रत्येक थराची कड जमिनीवर एकेका उत्तर-दक्षिण पट्ट्यासारखी उघडी पडली.

३८० वर तुम्ही हे पत्ते आडवे कापत जाता. फ्रिस्कोला चिकण काळी माती, तिला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात (प्रेअरी म्हणजे गवताळ माळ). मग वुडबाइन नावाच्या वालुकाश्माची कड, तो पूर्वेकडचा क्रॉस टिंबर्स, अरुंद. डेंटनच्या पश्चिमेला चुनखडीची कड, तो ग्रँड प्रेअरी, गवत. मग जुन्या वाळूच्या कडा, तो पश्चिमेकडचा क्रॉस टिंबर्स, बराच रुंद. वाळू तिथे झाड, चुनखडी आणि चिकणमाती तिथे गवत.

आपल्याकडे असे पट्टे का दिसत नाहीत? दख्खनचे बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांच्या कडा सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतात. कॅट तसाच ठेवला तर बाजूने पत्ते मोजता येतात, वरून एकच पत्ता दिसतो.

खडूस_खान्देशी
हे उलटं नाही का? काळी कसदार, तिथे झाड नाही, आणि भुरभुरीत वाळूत जंगल? आमच्या बापजाद्यांनी वाळसर जमिनीला कायम नावं ठेवली.

भूगर्भ
शेतीच्या नजरेने बरोबर आहे तुमचं. पाऊस बेताचा आणि ऊन कडक असलं की हिशोब फिरतो. वाळूत पडलेलं पाणी झरझर खाली जातं, उन्हाच्या तावडीतून सुटतं. खाली सोटमुळाला ते मिळतं. चिकणमातीत पाणी वरच्या वीतभरात अडकतं. तिथे गवताच्या मुळांचं दाट जाळं बसलेलं असतं, ते सगळं पिऊन टाकतं. उरलेलं ऊन नेतं. झाडाच्या रोपाला काय उरणार? त्यात चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. कोवळी मुळं त्या ओढाताणीत तुटतात.

चिंगी_ऑस्टिन
>>उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते<<
ह्या वाक्यावर डॅलसच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. माझा भाऊ रिचर्डसनला आहे. जुलै-ऑगस्टात घराच्या पायाला पाणी घालतो, अक्षरशः. भोकं असलेला पाइप घराभोवती गुंडाळलाय. आई पहिल्यांदा आली तेव्हा विचारत होती, "अरे, इथे काय लावलंयस? उगवलं तर काही नाही."

लांडगेबुवा
हाहा. आमच्या परभणीच्या घराच्या भिंतींना अशाच तिरक्या भेगा होत्या. काळी माती ती काळी माती, इथली काय नि तिथली काय. कापूस दोन्हीकडे पिकतो आणि घरं दोन्हीकडे तडकतात.

माळकरी३८०
भूगर्भ, __/\__. पत्त्यांचा कॅट डोक्यात फिट्ट बसला. पण एक शंका. डॅलसमध्ये काळ्या मातीवर रस्तोरस्ती मोठाले ओक आहेत की. मातीच ठरवत असेल तर ते कसे वाढले?

खडूस_खान्देशी
हाच मुद्दा मांडणार होतो. नुसत्या मातीने होत नाही. भूगर्भवाल्यांना सगळीकडे दगडच दिसतो.

तुळसावासी
(आयडीला हसू नका. ओक्लाहोमातल्या टल्सात राहतो, घरात तुळसही आहे.)

खडूसभाऊंचं बरोबर आहे आणि भूगर्भचंही. मधला गडी राहिला: आग. डॅलसच्या त्या झाडांना नळाचं पाणी आहे, गवत दर आठवड्याला कापलं जातं आणि वणवा येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी उंच गवताचा माळ पेटला की मैलोन् मैल जायचा. विजेने पेटायचा आणि माणसंही पेटवायची. ओसेज, विचिटा, कोमांची ह्या इथल्या मूळ जमातींना आगीचा उपयोग चांगला माहीत होता. कोवळं गवत फुटतं, त्यावर बायसन (इथले रानगवे) येतात. काळ्या मातीवर गवत दाट, म्हणजे जळण भरपूर, आग तेज, रोप मेलं. वाळूवर गवत विरळ, आग मवाळ. पोस्ट ओकची साल जाड, त्यातून जळला तरी बुंध्यातून परत फुटतो. म्हणजे मातीने रेघ आखली आणि आगीने ती दरवर्षी गिरवली.

टल्साच्या पश्चिमेला सँड स्प्रिंग्ज गावाजवळ कीस्टोन एन्शंट फॉरेस्ट आहे, १,३६० एकरांचं राखीव रान. मागच्या ऑक्टोबरात गेलो होतो. खरं सांगतो, पहिला अर्धा तास निराश झालो. प्राचीन वन म्हटल्यावर मान वर करून टोपी पडेल अशी झाडं डोक्यात होती. इथे तीस-चाळीस फुटांची किरकोळ झाडं. मग एका फळ्यावर वाचलं, पोस्ट ओक ३०० वर्षांचे आणि उतारावरचे काही सिडार ५०० वर्षांचे. परत फिरून पहिल्या झाडाजवळ गेलो. खोड मी सहज कवेत घेतलं, हातात हात अडकला. थोरल्या बाजीरावाला १७२० मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली, तेव्हा हे नुकतं उगवलेलं असणार. आणि ते सिडार शिवाजी महाराजांच्या जन्माआधी शंभर वर्षं त्या खडकात पाय रोवून उभे. खोड जरासं पिळलेलं, शेंडा वाळलेला, दोन-तीनच जाड फांद्या आणि त्याही कोपरातून मुडपलेल्या. म्हातारं झाड ओळखायची हीच खूण. जाडीवर जाऊ नका.

ओककाकू
कवेत घेतलंत ते ठीक, पॅंटला गोचीड किती आल्या?

तुळसावासी
काकू, गोचीड दोन. चिगर (चावणारे बारीक किडे) मोजले नाहीत. मोज्याच्या इलॅस्टिकखाली गोल रांगेत चावले होते, पैंजण घातल्यासारखे. दहा दिवस खाजवत होतो. शिवाय ग्रीनब्रायर नावाचा काटेरी वेल आहे, तो जीन्स धरतो आणि सोडत नाही.

वाचनमात्र
अनेक वर्षांनी लॉगिन केलं ते हे लिहायला. 'रिप व्हॅन विंकल' ही गोष्ट लिहिणारे वॉशिंग्टन अर्व्हिंग १८३२ मध्ये ह्याच रानातून घोड्यावरून गेले होते, फोर्ट गिब्सनहून निघून. प्रवासवर्णनात त्यांनी ह्या झाडीतून वाट काढण्याची तुलना ओतीव लोखंडाच्या जंगलाशी केली आहे. आग लागून गेलेल्या बुटक्या ब्लॅकजॅकच्या काळ्या, कडक फांद्या माणसांना आणि घोड्यांना ओरबाडत होत्या. तुळसावासींची जीन्स वाचून त्याची आठवण झाली.

टोरांटोचा_टण्या
कॅन्सासात क्रॉस टिंबर्स स्टेट पार्क आहे ना? जुन्या झाडांची पायवाटही आहे तिथे. गूगलवर पत्ता टोरांटो दाखवतोय. म्हटलं चला, घराजवळच आहे, शनिवारी जाऊ. मग बघतो तर पंधरा-सोळा तास गाडी.

चिंगी_ऑस्टिन
लोल. कॅन्सासातलं टोरांटो. तिथे गेलास तर शेजारची फ्लिंट हिल्सही बघ. तिथे चुनखडीत चकमकीचे दगड इतके की नांगर चालेना, म्हणून गवत वाचलं. आणि जरा पूर्वेला वालुकाश्माच्या टेकड्या, तिथे लगेच ओक. भूगर्भचा पत्ता तिथेही चालतो.

फक्कड
एवढी चर्चा झाली आणि कोणीही मुख्य मुद्दा काढला नाही! मध्य टेक्सासचं बार्बेक्यू ह्याच पोस्ट ओकच्या लाकडावर होतं. सावकाश जळतं, धूर सौम्य. लॉकहार्टला जाऊन या, गावात शिरताच वास येतो.

ओककाकू
आम्ही शाकाहारी. पण शेजाऱ्याने एकदा ओंडके दिले होते. त्या निखाऱ्यावर वांगं भाजलं. साल काळी होऊन आपोआप सुटली, आत लोण्यासारखं. वर कच्चा कांदा, मिरची, फोडणी. भरिताला असा वास जळगावच्या वांग्यालाही येत नाही, असं म्हणणार होते, पण खडूस इथेच आहेत.

खडूस_खान्देशी
काकू, तुमच्यावर वय बघून कारवाई टाळतो आहे.

कलमवाला
एक गोष्ट खटकली. आग चांगली, आग हवी, असा सूर लागलाय इथे. मी राजापूरचा. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर वणवा लागतो, आणि वीस वर्षं जपलेली हापूसची कलमं एका दुपारीत जातात. काजूही. त्या राखेत उभं राहून बघा, मग आगीचं कौतुक करा. भाजावळ वेगळी, ती आपण राखून, वारा बघून, शेतापुरती करतो.

तुळसावासी
कलमवाला, तुमच्या नुकसानीबद्दल खरंच वाईट वाटलं. आणि भाजावळीचं जे म्हणालात, तेच इथेही शिकवतात. पॉहस्काजवळ सुमारे ३९ हजार एकरांचं टॉलग्रास प्रेअरीचं (उंच गवताच्या माळाचं) राखीव क्षेत्र आहे, नेचर कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेने १९८९ मध्ये घेतलेलं. कडेला क्रॉस टिंबर्सचे ओक आहेत, मध्ये मोकळा माळ आणि बायसन. तिथे वारा, हवेतला ओलावा बघून, पट्टे आखून तुकड्यातुकड्याने जाळतात. एक तुकडा यंदा, दुसरा पुढच्या वर्षी. बायसन ताज्या जाळलेल्या तुकड्यावर चरतात.

आणि आग बंद केली की काय होतं ते ओक्लाहोमात रोज बघतो. ईस्टर्न रेडसिडार. जातीने जुनिपर. पूर्वी खडकाळ कड्यांवरच टिकून होता, कारण आग तिथवर पोचत नसे. ओकसारखा तो परत फुटत नाही, एकदा जळला की गेला. वसाहती आल्या, गुरांनी गवत खाल्लं, आगी थांबवल्या. पक्षी फळं खाऊन कुंपणाच्या तारेवर बसतात आणि खाली बी टाकतात. आज माळावर हिरवे ठिपके दिसतात, पाच वर्षांत भिंत, गवत गायब. ओकच्या रानातही शिरलाय. आणि पेटला तर तेलकट असल्यामुळे भडका थेट शेंड्यापर्यंत. जे पाचशे वर्षांचे म्हणून मी वर कौतुक केलं, त्यांचीच ही नातवंडं!

कलमवाला
हे पटलं. ठरवून लावलेली आग आणि सिगारेट टाकून लागलेली आग ह्यांना एकच शब्द वापरतो आपण, तिथे घोळ होतो.

लांडगेबुवा
आता माझा झब्बू. मी पुण्यात असतो, सुपे-मोरगावकडच्या माळांवर हिंडतो. टेक्सासचं वाचून पोटात कालवलं, कारण आपल्याकडे तेच चाललंय, फक्त आपण ते हौसेने करतो. गवताळ माळ दिसला की सरकारी कागदात पडीक. पडीक म्हटलं की वृक्षारोपण. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) लावून ठेवलंय, त्याच्याखाली कुसळी गवत उगवत नाही. माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक पक्षी असतात. त्यांना दूरवरचं दिसायला हवं, सावली नको. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मधलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाहेर धनगरांची मेंढरं चरतात, म्हणून तिथला माळ अजून माळ आहे.

एक कौतुकाची बातमी. मराठी संतसाहित्य, महानुभाव ग्रंथ, लोकगीतं चाळून त्यातल्या झाडांच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातला माळ साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता, असं दाखवणारा अभ्यास २०२५ मध्ये आला. जंगल तोडून माळ झाला हा समज त्याने खोडला. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या समाधीजवळचं तरटीचं झाड आठवा. तरटी हे सावलीतल्या घनदाट रानाचं झाडच नाही, ते उघड्या माळाचं.

वाचनमात्र
तरटीचा मुद्दा आवडला. लहानपणी दर्शनाच्या रांगेत आजी त्या झाडाला नमस्कार करायला लावायची. झाड कुठल्या रानातलं, हे कधी डोक्यात आलं नाही.

खडूस_खान्देशी
सगळं छान, पण जरा गुरंवाल्यांच्या बाजूने बोलतो. माझा एक सहकारी, आजोबांपासून रँच, डेकेटरच्या पश्चिमेला. त्याच्या मते ओकसुद्धा पूर्वी एवढा दाट नव्हता. आजोबांच्या काळी झाडांमधून घोडा दौडवता यायचा, आता वासरू शोधायला रांगत जावं लागतं. तेव्हा क्रॉस टिंबर्स वाचवा म्हणजे नेमकं कोणतं वाचवा? दाट की विरळ?

भूगर्भ
चांगला प्रश्न आहे. पूर्वीही ते सलग जंगल नव्हतं. कुठे गच्च झाडी, कुठे झाडाखाली गुडघाभर लिटल ब्लूस्टेम गवत, कुठे मधेच मोकळं. अर्व्हिंगने गच्च झाडी सांगितली, तुमच्या मित्राच्या आजोबांनी मोकळी. दोघंही खरं बोलत असतील, वेगळ्या जागी आणि वेगळ्या आगीनंतर.

चिंगी_ऑस्टिन
रच्याकने (बाय द वे), मूळ धागालेखक कुठे गेले? अकरा ओकचं काय झालं?

माळकरी३८०
इथेच आहे, रोज वाचतोय. बिल्डरचा निरोप आहे, शुक्रवारपर्यंत सांगा.

ओककाकू
शुक्रवार?! थांबा, मग आमची रडकथा आधी ऐका.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही मॅन्सफिल्डला घर बांधलं होतं. मागच्या अंगणात सात पोस्ट ओक. त्या झाडांसाठीच जागा घेतली. बिल्डरने (नाव सांगत नाही, उपयोग नाही) झाडांना नारिंगी फीत बांधली, एकालाही कुऱ्हाड लावली नाही, आणि आम्ही खूश. पण ट्रक झाडांखालून गेले. उतार सपाट करायला बुंध्याभोवती सहा-आठ इंच माती टाकली. मग आम्ही शहाण्यांनी हिरवळ लावली आणि स्प्रिंकलर बसवले, दिवसाआड पाणी. दुसऱ्या वर्षी पानं लहान आली. तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला. पाचव्या वर्षी सातातले पाच गेले. झाडांचा डॉक्टर आला तेव्हा त्याने बुंध्याजवळ बोटाने माती उकरून दाखवली. मूळ जिथे पसरायला लागतं तो फुगीर भाग मातीखाली गाडला गेला होता. म्हणाला, "ह्यांना तुम्ही पाणी पाजून आणि गुदमरवून मारलंत." दोनशे वर्षं दुष्काळात जगलेलं झाड आमच्या लाडाने पाच वर्षांत मेलं. ह्यांनी तेव्हा दोन दिवस जेवण धड केलं नाही.

तुळसावासी
काकूंचा अनुभव इथे घरोघरी आहे. झाड लगेच मरत नाही, म्हणून बिल्डर हात झटकून मोकळा होतो. इथला ढोबळ नियम: छातीच्या उंचीला खोड जितके इंच जाड, बुंध्यापासून तितके फूट त्रिज्येचं गोल कुंपण घालायचं, बांधकाम सुरू होण्याआधी. त्यात ट्रक नाही, विटांचा ढीग नाही, सिमेंट धुतलेलं पाणी नाही. माती वर टाकायची नाही आणि खोदायचीही नाही. आणि मोठा पोस्ट ओक दुसरीकडे नेऊन लावता येत नाही, तो विचार सोडा.

चिंगी_ऑस्टिन
आणखी एक, ओक विल्ट. बुरशीचा रोग. फेब्रुवारी ते जून फांद्या छाटू नका, कापावीच लागली तर लगेच जखमेवर रंग लावा. ब्लॅकजॅक लागण झाली की झटपट जातो. पोस्ट ओक बऱ्यापैकी तग धरतो. आणि बिल्डर देतोय ते लाइव्ह ओक? त्यांची मुळं एकमेकांत जुळतात, एकाचा रोग दुसऱ्याला. आमच्या ऑस्टिनात गल्लीच्या गल्ली गेल्यात.

खडूस_खान्देशी
थोडक्यात, कचरा झाडं काढून रोगट झाडं बसवायची आणि वर पैसे द्यायचे.

फक्कड
समजा काढलीच, तर लाकडाचा पत्ता मला कळवा. (गंमत करतोय, दिवे घ्या!)

भूगर्भ
एक सुचवतो. निर्णय घेण्याआधी प्लॉटवरची मूठभर माती आणि फ्रिस्कोच्या घरामागची मूठभर माती घ्या. ओली करून हातात वळून बघा. आम्ही कितीही सांगितलं तरी बोटांना जे कळतं ते वेगळं.

माळकरी३८०
केलं! शनिवारी लेकीला घेऊन आर्गाइलला गेलो. तिला शाळेत विज्ञानाचा प्रकल्प करायचाच होता. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले, तळाला सुईने दहा-दहा भोकं पाडली. एकात प्लॉटवरची माती, तांबूस, हातातून साखरेसारखी निसटणारी. दुसऱ्यात घरामागची काळी. ओली करून वळली तर काळीची चक्क शेवई झाली, लेकीने तिचा साप केला. तांबडीची गोळीसुद्धा होईना.

मग दोन्हीत एकेक कप पाणी ओतलं. वाळूतून मिनिटाभरात खाली थेंब सुरू. काळीत मात्र पाणी त्याहून लवकर खाली आलं! लेक माझ्याकडे बघतेय, "बाबा, तुमचे भूगर्भकाका चुकले." मीही गोंधळलो. नीट बघितलं तर माती वाळून डब्याच्या कडेने भेग पडली होती, पाणी सरळ त्या भेगेतून पळालं. दुसरा कप ओतला तोवर माती फुगून भेग बंद. मग पाणी जे वर थांबलं ते थांबलंच.

बिल्डरशी बोललो. घर बारा फूट पुढे घेतोय आणि ड्राइव्हवे दुसऱ्या बाजूने. दोन झाडं जातील, ती अगदी मधोमध आहेत, इलाज नाही. नऊ राहतील. कुंपणाचे पैसे मी देतो म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. मागच्या अंगणात स्प्रिंकलर नाही. हिरवळीऐवजी तिथलंच गवत वाढू द्यायचं, असं घरात ठरतंय. "अंगणात गवत वाढवून लोकांना काय दाखवायचं" ह्यावर अजून वाटाघाटी सुरू आहेत.

ओककाकू
नऊ राहिली! ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, एक पान दाबून पाठवायला सांग, आणि जी दोन जाणार आहेत त्यांच्या बुंध्याची चकती कापून ठेवायला सांग. वलयं मोजायची आहेत.

फक्कड
चकती काकांना, उरलेलं मला.

तुळसावासी
चकती नीट घासून घ्या, आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर. वलयं इतकी जवळजवळ असतात की भिंगाशिवाय जमणार नाही. कुठे काळा डाग वलयात शिरलेला दिसला तर तो आगीचा व्रण असू शकतो. तोही मोजा.

माळकरी३८०
चकती ठेवतो, काका-काकूंना घरी येऊन द्यायला आवडेल. भिंग लेकीकडे आहे. काळ्या मातीच्या डब्यात आज बुधवारीही वर पाणी आहे. बायको विचारतेय, डबा कधी रिकामा होणार.